कोळसा किती वर्षे पुरेल? एका उत्तराची उलटतपासणी

'जगातील दगडी कोळसा आणखी किती वर्षे पुरेल?' भूगोलाच्या नाहीतर विज्ञानाच्या तासाला हा प्रश्न केव्हा ना केव्हा निघतोच. उत्तरही तयार असते. कुठल्या पुस्तकात १०० वर्षे, कुठल्या मार्गदर्शकात १५०, तर कुठे २००. विद्यार्थी आपल्या पुस्तकातला आकडा पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि एक गुण मिळवतो. दोन वेगळी पुस्तके वापरणारे दोन विद्यार्थी एकाच वर्गात असले, की मात्र शिक्षकांची पंचाईत होते. दोघांचे आकडे वेगळे, आणि दोन्ही छापलेले!

या दोघांपैकी कोण बरोबर, याचा निवाडा आम्हाला येथे करायचा नाही. हे आकडे तयार कसे होतात, त्यांच्या पोटात कोणती गृहीतके दडलेली असतात आणि ती इतिहासात कितपत टिकली, एवढेच तपासायचे आहे. प्रश्न केवळ एका गुणाचा नाही. वीजकेंद्रे, रेल्वेमार्ग, खाणींसाठी जाणारी गावे आणि जंगले यांचे निर्णय याच आकड्यांच्या आधारे होत आले आहेत.

भागाकाराचे उत्तर

हा आकडा मिळवण्याची रीत पाचवीतल्या मुलालाही जमेल अशी आहे. जगातला ज्ञात साठा घ्यायचा, त्याला चालू वर्षाच्या उत्पादनाने भागायचे. जो भागाकार येतो तितकी वर्षे कोळसा पुरेल. याला साठा-उत्पादन गुणोत्तर म्हणतात. बीपी या तेल कंपनीने प्रसिद्ध केलेल्या वार्षिक आकडेवारीत ते वर्षानुवर्षे छापले गेले आणि तेथून ते पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे व भाषणे यांत पसरले.

आता हीच आकडेवारी ओळीने पाहू. सन २००० च्या अखेरीस जगाचा साठा ९८४ अब्ज टन होता आणि गुणोत्तर होते २२७ वर्षे. सन २०१० च्या अखेरीस साठा ८६१ अब्ज टन आणि गुणोत्तर ११८ वर्षे. सन २०१६ च्या अखेरीस साठा १,१३९ अब्ज टन, गुणोत्तर १५३ वर्षे. सन २०२० च्या अखेरीस १,०७४ अब्ज टन आणि १३९ वर्षे.

म्हणजे २००० ते २०१० या दहा वर्षांत कोळशाचे 'आयुष्य' दहा वर्षांनी नव्हे, तर १०९ वर्षांनी घटले! आणि पुढच्या सहा वर्षांत ते सहाने घटण्याऐवजी ३५ वर्षांनी वाढले. एखाद्या वैद्याने रुग्णाला आज २२७ दिवस सांगितले, दहा दिवसांनी ११८ आणि आणखी सहा दिवसांनी १५३ सांगितले, तर आपण त्या वैद्याच्या पद्धतीविषयी शंका घेऊ. येथेही तेच करायला हवे.

या घसरणीची दोन कारणे आहेत आणि ती वेगळी करून पाहिली पाहिजेत. पहिले कारण भाजकात आहे. २००० साली जगाचे वार्षिक उत्पादन सुमारे साडेचार अब्ज टन होते. २०१० साली ते सव्वासात अब्ज टनांवर गेले. ही वाढ मुख्यतः चीनची. 'चालू दराने' हे दोन शब्द आपण वाचून पुढे जातो, पण दर चालू राहत नाही. आज जगाचे वार्षिक उत्पादन नऊ अब्ज टनांच्या पुढे गेले आहे.

वर्गात करून पाहण्याजोगा एक हिशेब येथे देतो. साठा १,०८० अब्ज टन आणि वार्षिक उत्पादन ९ अब्ज टन धरा. भागाकार १२० वर्षे. आता उत्पादन दरवर्षी दोन टक्क्यांनी वाढते असे माना. चक्रवाढीने बेरीज करत गेल्यास तोच साठा सुमारे ६२ वर्षांत संपतो. तीन टक्के वाढ धरली तर सुमारे ५२ वर्षांत. उलट, उत्पादन दरवर्षी दोन टक्क्यांनी घटत गेले तर? अनंत काळापर्यंतची बेरीजही ४५० अब्ज टनांच्या पुढे जात नाही. म्हणजे साठा कधीच संपत नाही. निम्म्याहून अधिक कोळसा जमिनीतच राहतो. एकच साठा, आणि उत्तरे १२०, ६२, ५२ व 'कधीच नाही'. यांतले कोणते खरे हे भूगर्भशास्त्र सांगू शकत नाही. ते माणसे पुढे काय करतील यावर ठरते.

आपल्या देशाच्या बाबतीत हा मुद्दा नियोजन आयोगाच्या एकात्मिक ऊर्जा धोरणाच्या अहवालात २००६ साली स्पष्टपणे मांडला गेला होता. किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने म्हटले होते, की अनुमानित साठेही प्रत्यक्षात उतरले तर तत्कालीन दराने कोळसा व लिग्नाइट १४० वर्षांहून अधिक पुरेल. पण उत्पादन दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत राहिले, तर काढता येण्याजोगा सारा कोळसा सुमारे ४५ वर्षांत संपेल. दोन्ही विधाने एकाच अहवालात, जवळजवळ शेजारी शेजारी आहेत. लोकांच्या लक्षात मात्र बहुधा पहिलेच राहते.

पेवातले धान्य

दुसरे कारण भाज्यात, म्हणजे साठ्यात आहे, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. वरच्या आकड्यांत २००० ते २०१० या काळात साठा १२३ अब्ज टनांनी घटला. या दहा वर्षांत जगाने प्रत्यक्षात जाळला सुमारे ६० अब्ज टन. उरलेला ६० अब्ज टन कोळसा गेला कुठे? तो कोणी काढला नाही, चोरला नाही. तो फक्त वहीतून खोडला गेला.

हे समजण्यासाठी 'साठा' या शब्दाकडे नीट पाहावे लागेल. पूर्वी गावोगावी धान्याची पेवे असत. पेवात किती खंडी धान्य आहे, असे विचारले तर तीन उत्तरे मिळू शकत. पेवाच्या मापावरून त्यात मावणारे धान्य, हे पहिले उत्तर. कडेचे आणि तळचे ओल लागून कुजलेले धान्य वजा करून उरते ते दुसरे. आणि पेव उघडण्याची, आत उतरण्याची मजुरी परवडेल इतकेच धान्य, हे तिसरे. तिन्ही उत्तरे प्रामाणिक असतात, पण कोणत्या अर्थाने विचारले हे माहीत नसेल तर तिन्ही फसवतात.

जमिनीतील कोळशाचे असेच आहे. भूवैज्ञानिक ठरावीक अंतरावर विंधनछिद्रे घेतात. प्रत्येक छिद्रातून वर आलेल्या खडकाच्या नळकांड्यांवरून कोळशाचा थर किती खोलीवर आणि किती जाड आहे हे कळते. दोन छिद्रांच्या मधला भाग कोणी पाहिलेला नसतो. थर तसाच सलग असेल असे मानले जाते. क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले घनता, असा हा हिशेब. भारतात १९५७ पासून चालत आलेल्या पद्धतीनुसार निरीक्षणबिंदूपासून २०० मीटरच्या आतला कोळसा 'सिद्ध', एक-दोन किलोमीटर अंतरावरच्या बिंदूंवरून अंदाजलेला 'निर्देशित' आणि त्यापलीकडचा 'अनुमानित' गणला जातो. लक्षात घ्या, हे वर्गीकरण आपल्या खात्रीचे आहे. तो कोळसा काढता येईल का, परवडेल का, याविषयी ते काहीच बोलत नाही.

या तीन उत्तरांमधले अंतर किती मोठे असू शकते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेत मिळते. वायोमिंग राज्यातील जिलेट हे जगातल्या सर्वांत समृद्ध कोळसाक्षेत्रांपैकी एक. थर जाड, जमिनीलगत, खाणी उघड्या. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २००८ मध्ये या क्षेत्राचा हिशेब थराथराने मांडला. जमिनीतला मूळ कोळसा २०१ अब्ज लहान टन निघाला. (अमेरिकेतील लहान टन म्हणजे ९०७ किलो.) त्यातून रस्ते, वस्ती, कायद्याने राखीव जागा वगैरेंखालचा कोळसा वजा केला, उरले १६४ अब्ज टन. खाणकामात वाया जाणारा आणि फार मातीदगड उपसावा लागेल असा कोळसा वजा केला. उरले ७७ अब्ज टन. शेवटी विचारले, की तेव्हाच्या सुमारे साडेदहा डॉलर प्रतिटन भावाने यातला किती काढणे परवडेल? उत्तर आले १० अब्ज टन. मूळ आकड्याचा विसावा भाग! भाव १४ डॉलर झाला तर तोच साठा साडेअठरा अब्ज टन होईल, असेही त्याच अहवालात म्हटले आहे. सुमारे साडेतीन डॉलरच्या फरकाने सुमारे साडेआठ अब्ज टन कोळसा 'निर्माण' होतो. जमिनीत एक ढेकूळही हललेले नसते.

याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने म्हटले होते, की देशात २५० वर्षांचा कोळसा आहे या नेहमीच्या विधानाला आपण दुजोरा देऊ शकत नाही. चालू दराने १०० वर्षांहून अधिक काळ पुरेल इतका तो बहुधा आहे. ज्या देशाच्या जमिनीचा अभ्यास सर्वांत बारकाईने झाला आहे त्या देशाची ही स्थिती.

जेव्हन्सचे भाकीत

कोळसा किती उरला याची पहिली मोठी सार्वजनिक चर्चा इंग्लंडमध्ये झाली, आणि ती आजही वाचण्यासारखी आहे. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या २९ वर्षांच्या अर्थशास्त्रज्ञाने 'द कोल क्वेश्चन' हे पुस्तक लिहिले. त्या वेळी इंग्लंड जगातला सर्वांत मोठा कोळसा-उत्पादक होता. भूवैज्ञानिक एडवर्ड हल यांनी १८६१ मध्ये देशात, ४,००० फूट खोलीपर्यंत, सुमारे ८० अब्ज टन कोळसा आहे असा अंदाज केला होता. वार्षिक उत्पादन होते ८ कोटी ३६ लाख टन. साधा भागाकार केला तर कोळसा साडेनऊशे वर्षे पुरणार होता. चिंता कसली?

जेव्हन्सने नेमके येथेच बोट ठेवले. उत्पादन दरवर्षी साडेतीन टक्क्यांनी वाढत होते. त्या गतीने १९६१ साली इंग्लंडला वर्षाला २ अब्ज ६० कोटी टन कोळसा लागेल आणि ११० वर्षांतली एकूण बेरीज १०० अब्ज टनांच्या पुढे जाईल. इतका कोळसा देशात नाही. म्हणून, त्याने म्हटले, ही वाढ शंभर वर्षे टिकणे अशक्य आहे. कोळसा एके दिवशी संपेल असे तो म्हणत नव्हता. खाणी खोल जातील, कोळसा महाग होईल आणि वाढ थांबेल, असे त्याचे म्हणणे होते. शिवाय यंत्रे काटकसरी केली तर कोळसा वाचेल हा समजही त्याने खोडून काढला. वॉटचे इंजिन आधीच्या इंजिनांपेक्षा काटकसरी होते, म्हणूनच ते सर्वत्र पसरले आणि कोळशाचा खप वाढला, हे त्याने दाखवले. हा विचार आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

पुस्तकाने पार्लमेंटपर्यंत खळबळ माजवली. जॉन स्टुअर्ट मिल यांनी सभागृहात त्याचा उल्लेख केला. १८६६ मध्ये राजकीय आयोग नेमला गेला आणि १८७१ मध्ये त्याने निर्वाळा दिला, की देशात सुमारे १४६ अब्ज टन कोळसा आहे. लोकांना हायसे वाटले. पण हा आकडा कसा आला? एक फूट जाडीपर्यंतचे थर आणि ४,००० फूट खोली आयोगाने हिशेबात धरली होती. शिवाय एकूण कोळशापैकी एक तृतीयांशाहून अधिक कोळसा तोवर कोणी न पाहिलेल्या, नव्या खडकांखाली झाकलेल्या क्षेत्रांत आहे असे मानले होते. एक फूट जाडीच्या थरात, पाऊण मैल खोलीवर, माणूस आडवा होऊन कोळसा खणेल अशी ही कल्पना!

पुढे काय झाले? इंग्लंडचे उत्पादन १९१३ मध्ये सुमारे २९ कोटी टनांवर पोचले. त्या वर्षी खाणींत दहा लाखांहून अधिक माणसे काम करत होती. ते शिखर पुन्हा कधीच गाठले गेले नाही. १९६१ साली, जेव्हन्सच्या गणिताने २ अब्ज ६० कोटी टन लागायला हवे होते तेव्हा, उत्पादन २० कोटी टनांच्या आत होते. डिसेंबर २०१५ मध्ये यॉर्कशायरमधील केलिंगली ही देशातली शेवटची मोठी भूमिगत खाण बंद झाली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे शेवटचे कोळशावरचे वीजकेंद्रही थांबले. आयोगाने सांगितलेल्या १४६ अब्ज टनांचा पाचवा भागही बाहेर आला नाही.

मग जेव्हन्स बरोबर ठरला की चुकला? आमच्या मते दोन्ही. वाढ शंभर वर्षे टिकणार नाही हे त्याचे विधान खरे ठरले. ती पन्नास वर्षेही टिकली नाही. शिखरापाठी नुसते रिकामे पेव नसून वाढता खर्च असतो, हेही त्याने ओळखले होते. पण कोळशाची जागा दुसरे काही घेऊ शकेल हे त्याला पटले नाही. खनिज तेलाची शक्यता त्याने थोडक्यात निकालात काढली. कोळसा गेला की इंग्लंडचे वैभव गेले, असे त्याने धरले. टंचाईच्या भीतीचा त्याच्या मनावर पगडाच होता. त्याने घरात कागदाचाही एवढा साठा करून ठेवला होता, की तो पन्नास वर्षांनंतरही त्याच्या मुलांना संपवता आला नव्हता, असे केन्स यांनी नोंदवले आहे.

आयोगाची चूक मात्र वेगळ्या जातीची होती. त्याने जमिनीत असलेला कोळसा आणि माणसाला मिळणारा कोळसा यांत फरकच केला नाही. ही चूक आजही जिवंत आहे.

खोडलेले आणि न खोडलेले आकडे

जर्मनीचे उदाहरण पाहा. त्या देशाच्या उत्तम प्रतीच्या दगडी कोळशाचा साठा जागतिक याद्यांमध्ये २३ अब्ज टन असा दाखवला जात होता. २००४ मध्ये तो १८ कोटी ३० लाख टन करण्यात आला. एका फटक्यात ९९ टक्के घट! कोळसा जमिनीतच होता. पण इतक्या खोलीवरून तो काढणे सरकारी अनुदानाशिवाय परवडत नव्हते. २०१८ च्या डिसेंबरात बॉट्रॉप येथील शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली.

चीनची गोष्ट उलट आहे. जागतिक याद्यांमध्ये चीनचा साठा ११४.५ अब्ज टन हा १९९२ पासून जसाच्या तसा छापला जात होता. एनर्जी वॉच ग्रुप या जर्मनीतील अभ्यासगटाने २००७ मध्ये दाखवून दिले, की तेवढ्या काळात यातला सुमारे पाचवा भाग खणून झाला होता. तरी आकडा तोच! मग बीपीच्या आकडेवारीत २०१६ अखेरचा चीनचा साठा अचानक २४४ अब्ज टन झाला आणि पुढच्याच वर्षी तो १३९ अब्ज टनांवर आला. सुरुवातीला आपण जगाचे आयुष्य ११८ वरून १५३ वर्षांवर गेलेले पाहिले, त्यामागे या फेरफाराचा मोठा हात होता. नवे थर कोणाला सापडले नव्हते.

आणि आपला देश? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १ एप्रिल २०२० च्या यादीनुसार १,२०० मीटर खोलीपर्यंत एकूण कोळसा ३४४ अब्ज टन, त्यातला सिद्ध १६३ अब्ज टन. बीपीच्या त्याच वर्षीच्या यादीत भारताचा दगडी कोळसा १०६ अब्ज टन. वर्तमानपत्रात यांतला कोणताही आकडा 'भारताचा कोळसासाठा' म्हणून येऊ शकतो. २०२४-२५ मध्ये देशाचे उत्पादन एक अब्ज टनांच्या पुढे गेले. तेव्हा आपण ३४४ वर्षे सांगायची, १६३ सांगायची की १०६?

तिन्हींतून आणखी किती वजा व्हायचे असते! झरियात १९१६ पासून जमिनीखाली आगी धुमसत आहेत. तेथील उत्तम कोकिंग कोळसा जळतो आहे आणि जवळचा काढता येत नाही. भूमिगत खाणीत छत कोसळू नये म्हणून कोळशाचेच खांब राखावे लागतात. वर्धा खोऱ्यातील कोळसापट्टा चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, घुग्घूस या वस्त्यांच्या खालून आणि आजूबाजूने जातो. गावे, नद्या, रेल्वे आणि ताडोबालगतची जंगले यांच्याखालचा कोळसा नकाशावर काळा दिसतो, म्हणून तो मिळालाच असे होत नाही.

शिवाय टन म्हणजे टन नव्हे. आपल्या वीजकेंद्रांना मिळणाऱ्या कोळशात ३५ ते ४५ टक्के राख हे नेहमीचे प्रमाण आहे. उत्तम आयात कोळशाच्या एका टनातून जेवढी उष्णता मिळते तेवढ्यासाठी आपला दीड टन जाळावा लागतो. साठ्यांच्या जागतिक यादीत मात्र दोन्ही टनांची बेरीज सरळ होते, लिग्नाइटसकट.

दुसऱ्या टोकाची टीका

साठ्यांच्या आकड्यांवर विसंबू नये असे म्हणणाऱ्या शास्त्रज्ञांनी दुसरी एक पद्धत सुचवली आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डेव्हिड रटलेज यांनी २०११ मध्ये इंग्लंड, पेनसिल्व्हेनियाचा अँथ्रासाइट, फ्रान्स-बेल्जियम आणि जपान-दक्षिण कोरिया येथील जवळजवळ संपलेल्या कोळसाक्षेत्रांचा अभ्यास केला. सुरुवातीचे साठ्यांचे अंदाज प्रत्यक्ष उत्पादनापेक्षा बरेच मोठे होते असे त्यांना आढळले. एकूण उत्पादनाचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. त्या वळणावरून त्यांनी जगाचे सर्वकालीन उत्पादन, आधी काढलेला कोळसा धरून, सुमारे ६८० अब्ज टन होईल असा अंदाज केला.

या कामाचे मोल आम्हाला मान्य आहे. साठ्यांचे आकडे फुगीर असतात हे त्याने पुराव्याने दाखवले. पण ही पद्धतही तशीच तपासून घेतली पाहिजे. इंग्लंडचा आलेख खाली आला तो केवळ थर संपल्यामुळे आला का? तेल आले, उत्तर समुद्रातला वायू आला, स्वस्त आयात कोळसा आला, १९८४-८५ चा खाणकामगारांचा दीर्घ संप आणि त्यापाठोपाठ खाणबंदी झाली. आलेखाला यातले काही ठाऊक नसते. तो फक्त 'कमी निघाला' एवढेच नोंदवतो. 'कमी होता' आणि 'कमी हवा होता' यांत त्याला फरक करता येत नाही. चीनसारखा देश दहा वर्षांत उत्पादन दुपटीहून अधिक करतो, तेव्हा आधीच्या वळणावरून काढलेला अंदाजही डळमळतो.

म्हणजे एका बाजूला जमिनीत आहे ते सगळे मिळेल असे मानणारे, तर दुसऱ्या बाजूला आजवर घडले तसेच पुढे घडेल असे मानणारे. भाव, तंत्र आणि गरज या तीन गोष्टी दोघांच्याही गणितात नीट मावत नाहीत.

प्रश्नच बदलला आहे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एक टन कोळसा जाळला की सरासरी साधारण पावणेदोन ते दोन टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जळताना प्रत्येक कार्बन अणू हवेतले दोन ऑक्सिजन अणू घेतो, म्हणून वजन वाढते. बीपीच्या यादीतला १,०७४ अब्ज टन कोळसा जाळला तर सुमारे १,९०० ते २,१०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. तापमानवाढ दोन अंशांच्या आत राहण्याची शक्यता दोन-तृतीयांश असावी, असे वाटत असेल, तर २०२० च्या प्रारंभापासून सर्व मार्गांनी मिळून सुमारे १,१५० अब्ज टनच सोडता येतील, असे आंतरराष्ट्रीय हवामान समितीने २०२१ मध्ये सांगितले. त्यातले दरवर्षी सुमारे ४० अब्ज टन खर्च होत आहेत. मॅग्लेड आणि एकिन्स या संशोधकांनी २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये हिशेब मांडला, की दोन अंशांची मर्यादा पाळायची तर जगाच्या कोळसासाठ्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक जमिनीतच ठेवावा लागेल.

जेव्हन्सला भीती होती कोळसा अपुरा पडण्याची. आपली अडचण तो जास्त असण्याची आहे. 'कोळसा १३९ वर्षे पुरेल' हे वाक्य ऐकणाऱ्या मुलाला वाटते, की १३९ वर्षे काळजी नाही. आमचा या आकड्यावरचा खरा आक्षेप हा आहे. त्यातून जो दिलासा मिळतो तो खोटा आहे.

याचा अर्थ साठे मोजणे निरर्थक आहे असा नाही. खाणीचे आयुष्य, तिच्यावर पोट असलेल्यांचे पुढचे नियोजन, खाण संपल्यावर जमीन पूर्ववत करण्याचा खर्च, हे सारे ठरवायला नेमका हिशेब लागतोच. पण तो क्षेत्रागणिक, थरागणिक, भावासकट हवा. जगाला मिळून एक भागाकार नको.

वर्गात करून पाहा

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सुचवून थांबतो. एका मोठ्या घमेल्यात वाळू घ्या आणि तिच्यात २०० चिंचोके नीट मिसळा. मुलांच्या एका गटाला दर मिनिटाला मिळतील तितके चिंचोके शोधून काढू द्या आणि मिनिटागणिक संख्या फळ्यावर लिहा. नियम असा, की दर मिनिटाची मजुरी १० गुण आणि दर चिंचोक्याचा भाव १ गुण. ज्या मिनिटात १० पेक्षा कमी चिंचोके मिळतील तेथे खाण बंद. आता वाळू चाळून उरलेले चिंचोके मोजा. ते पुन्हा वाळूत मिसळा, भाव २ गुण करा आणि खाण पुन्हा सुरू करा. आता ५ पेक्षा कमी मिळेपर्यंत ती चालेल. मिनिटे आणि चिंचोके यांचा आलेख मुलांकडून काढून घ्या.

शेवटी विचारा, 'या घमेल्यात साठा किती होता?' कोणी २०० म्हणेल, कोणी पहिल्या खेपेचा आकडा सांगेल, कोणी दुसऱ्या. तिघांनाही आपापल्या उत्तराचे कारण सांगता आले, तर गुण तिघांनाही द्यावेत. आणि त्यानंतर कोणा मुलाने पुस्तकातल्या १५० वर्षांवर बोट ठेवून 'सर, हे कोणत्या भावाने आणि कोणत्या दराने?' असे विचारले, तर तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.